गाडीचं नाक

आमची गाडी खोकायला लागली तेव्हा मी बायकोला दोष दिला. ती गाडी शिकत होती, मी शिकवत होतो, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर जगातला प्रत्येक दोष शिकणाऱ्याचाच असतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली की ती फोटोसाठी उभ्या केलेल्या बुजऱ्या पाहुण्यासारखी एक पाऊल पुढे टाकायची, थबकायची, थरथरायची आणि बंद पडायची.

"क्लच हळू सोड," मी म्हणायचो.

"हळूच सोडतेय."

"याहून हळू."

"याहून हळू सोडला तर वर पोचेपर्यंत मी निवृत्त होईन."

मी विमा कंपनीत वाहनांच्या दाव्यांच्या विभागात आहे. 'सदर नुकसान मालकाच्या हलगर्जीपणामुळे झाले असल्याने भरपाई देता येत नाही' हे वाक्य मी दिवसभर इतक्या वेळा लिहितो, की गाड्यांबद्दल आपल्याला बरंच कळतं असा माझा समज झाला होता. गाडी उघडून आत बघण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, पण न्यायाधीश कुठे स्वतः चोऱ्या करून बघतात?

बायकोच्या शिकण्याला मात्र कारण होतं. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर तिला मुख्याध्यापिकेचं पद मिळालं होतं, तेही गावाबाहेरच्या, टेकड्यांपलीकडच्या शाळेत. तिथे जाणारी बस पोचते तेव्हा दुसरा तास सुरू झालेला असतो. "मुलांनी उशीर केला तर मी कुठल्या तोंडाने ओरडणार?" असं तिचं म्हणणं होतं. संस्थेच्या लोकांनीही गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, की सत्राच्या पहिल्या दिवसापासून वेळेवर येणं जमत नसेल तर तसं आताच कळवा. तिथलेच एक ज्येष्ठ शिक्षक तयार आहेत आणि त्यांच्याकडे मोटारसायकल आहे.

परवान्याच्या चाचणीत ती एकदा नापास झाली होती. आठचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, सगळं नीट झालं. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. परीक्षकाने काचेवर टकटक करून "उतरा" एवढंच म्हटलं. आता पुन्हा सोमवारची तारीख मिळाली होती, आणि त्याच आठवड्यात तिच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती. म्हणजे सोमवार हुकला की पुन्हा श्रीगणेशा. तोवर सत्र सुरू, आणि ज्येष्ठ शिक्षक मोटारसायकलवर.

शनिवारी आम्ही गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री दुसऱ्याच गाडीखाली होता. त्याने फक्त डोकं बाहेर काढलं, आमचं इंजिन क्षणभर ऐकलं आणि म्हणाला, "हवेचा सेन्सर मळलाय."

"म्हणजे?"

"इंजिनात हवा किती आली ते तो सांगतो. मळला की चुकीचं सांगतो. मग पेट्रोल कमीजास्त होतं आणि गाडी खोकते. साफ करावा लागेल. गुरुवारी आणा."

"गुरुवारी? सोमवारी चाचणी आहे हो!"

"मग सोमवारनंतर आणा," तो म्हणाला आणि डोकं पुन्हा आत गेलं.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मागच्या सीटवरून बायकोने खिडकी खाली केली आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "पायाचा काही दोष असू शकतो का? क्लचवरच्या?"

"कोणाच्या पायाचा?" गाडीखालून आवाज आला.

"नाही, सहज विचारलं," ती म्हणाली, आणि तिने खिडकी वर केली. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. बायको बोलते तेव्हा नवऱ्याला काहीतरी उत्तर देता येतं. न बोलणाऱ्या बायकोला मी तरी आजवर काही उत्तर देऊ शकलेलो नाही. शेवटच्या वळणावर मला ते सहन होईना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय मोठंसं! मी उद्या घरीच साफ करतो."

हे वाक्य म्हणजे सगळ्या अनर्थाचं मूळ.

संध्याकाळी मी त्याबद्दलचा एक व्हिडिओ बघितला. त्यात एक तरुण पांढराशुभ्र शर्ट घालून, मागे बासरी वाजत असताना, दोन स्क्रू काढतो, सेन्सर बाहेर घेतो, त्यावर डब्यातून फवारा मारतो, वाळू देतो आणि परत बसवतो. संपूर्ण व्हिडिओत त्याचा शर्ट मळत नाही, त्याची आई गॅलरीतून हाक मारत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला शेजारी नाहीत. आपल्यावर जे ओढवणार आहे ते व्हिडिओत जे नाही त्याच्यामुळेच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

फवाऱ्याचा डबा आणायला गेलो तर सुट्या भागांच्या दुकानदाराने एक लाल डबा काढून दिला. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर मागे बारीक अक्षरात 'सेन्सरवर वापरू नये' असं होतं. परत गेलो. दुकानदार म्हणाला, "तुम्ही साफ करायचा स्प्रे मागितलात, साफ करायचा दिला. सेन्सरचा मागितला असतात तर सेन्सरचा दिला असता." त्याच्या म्हणण्यात तर्कदोष नव्हता. मी ऑफिसात लोकांना नेमकं असंच बोलतो. पण ते काउंटरच्या अलीकडून ऐकायला किती वाईट लागतं ते मला प्रथमच समजलं. मी मुकाट्याने निळा डबा घेऊन आलो.

रविवारी सकाळी जुना शर्ट घालून मी खाली उतरलो आणि बॉनेट उघडलं. बॉनेट उघडण्याचा आवाज आमच्या इमारतीत घंटेसारखा ऐकू जातो. तळमजल्यावरचे अनुभवीकाका ताबडतोब खिडकीत आले. त्यांचं खरं नाव पत्राच्या पेटीवर आहे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू होत असल्याने सगळे त्यांना अनुभवीकाकाच म्हणतात. त्यांनी त्यांची गाडी कधीच विकून टाकली होती. अनुभव तेवढा ठेवून घेतला होता.

"माझा अनुभव सांगतो," खिडकीतून सुरुवात झाली, "आधी बॅटरीची तार काढ. नाहीतर शॉक बसेल."

शॉक बसत नाही हे मला व्हिडिओवरून माहीत होतं, पण तार काढायला त्यातही सांगितलं होतं, म्हणून मी काढली. त्याच क्षणी गाडीने जो टाहो फोडला तो आजही माझ्या कानात आहे. गाडीला चोरीच्या वेळी वाजणारा भोंगा आहे आणि त्याची स्वतःची वेगळी छोटी बॅटरी आहे, ही माहिती मला आणि संपूर्ण इमारतीला एकदमच मिळाली. मी किल्लीवरची सगळी बटणं दाबली. गाडीवर हात फिरवला. "अगं थांब, थांब," असंसुद्धा म्हणालो.

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. पहिल्या मजल्यावरून आई ओरडली, "अरे, हात लावू नकोस तिला! हात लावू नकोस!" माझी आई मला गेली पन्नास वर्षं हे एकच वाक्य सांगत आली आहे, वस्तू फक्त बदलतात.

बायको जिना उतरून आली, तिने गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "काढलंत ते परत लावा की."

मी तार परत लावली, किल्लीचं बटण दाबलं, आणि भोंगा थांबला. मग दारं किल्लीने उघडून पुन्हा तार काढली. या वेळी गाडी गप्प राहिली. पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालंच होतं. सोसायटीचे सचिव आले होते.

आमचे सचिव मूळचे चांगले गृहस्थ. पण फलकावर सूचना लिहून लिहून त्यांची बोलीभाषाच सूचनेसारखी झाली आहे. ते हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सर्व सभासदांना कळवण्यात आलेलं आहे, की आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे."

"दुरुस्ती नाही हो," मी म्हणालो, "नुसता एक सेन्सर..."

"सेन्सर हा वाहनाचा भाग आहे किंवा कसे?"

"आहे."

"तो काढण्यात येणार आहे किंवा कसे?"

"येणार आहे."

"मग ती दुरुस्ती."

मी रस्त्यावर गाडी ढकलत नेण्याच्या विचारात असतानाच बायको पुढे झाली. "सचिवसाहेब, ही साफसफाई आहे. सेन्सर मोडलेला नाही, मळलाय. मळलेली वस्तू पुसणं याला तुम्ही दुरुस्ती म्हणता का?"

सचिवांनी विचार केला. नियमाच्या माणसाला नियमातली फट दाखवली की त्याला राग येत नाही, उलट एक प्रकारचा आनंद होतो. "साफसफाई," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे वाहन धुणे. वाहन धुण्यास रविवारी सकाळी परवानगी आहे. मात्र बादलीने. पाइपने नाही." आणि आजूबाजूला बघून त्यांनी विचारलं, "बादली कुठे आहे?"

"पण मला पाणी लागणारच नाहीये," मी म्हणालो.

"बादली नसल्यास ती साफसफाई धरता येणार नाही."

अशा रीतीने माझ्या शेजारी साबणाच्या पाण्याने भरलेली बादली आली. तिच्या काठावर एक फडकंही टाकण्यात आलं. सचिवांनी फडक्याकडे बघून मान डोलावली, पण गेले मात्र नाहीत. अनुभवीकाका खिडकी सोडून खुर्चीसकट बाहेर आले.

सेन्सर सापडला. हवेच्या फिल्टरचा काळा डबा असतो, तिथून एक जाड नळी इंजिनाकडे जाते, त्या नळीच्या पाठीवर गोचिडीसारखा तो चिकटलेला होता. त्याच्या डोक्यात वायरीचा प्लग. तो मी व्हिडिओप्रमाणे कळ दाबून सोडवला. राहिले दोन स्क्रू. मी स्क्रूड्रायव्हर लावला तर तो बसेना. दुसरा लावला, बसेना. वाकून बघतो तर स्क्रूच्या डोक्यावर चीर नाही, फुलीही नाही. चांदणीच्या आकाराचा खड्डा.

अनुभवीकाकांनी त्यांच्या हत्यारांची पेटी आणली. त्यात हातोड्या होत्या, करवत होती, सायकलचं पंक्चर काढायचं सामान होतं, दाराची एक अख्खी कडी होती. चांदणी नव्हती. "माझा अनुभव सांगतो, पकडीने पिरगाळ," ते म्हणाले. मी पकड उचललीसुद्धा होती.

"थांबा," असं म्हणून बायको वर गेली आणि एक छोटी प्लास्टिकची पेटी घेऊन आली. तिच्यात चांदण्याच चांदण्या, लहानापासून मोठीपर्यंत.

"हे आपल्याकडे कुठून आलं?"

"पुस्तकांचं कपाट जोडायला तुम्ही आणलं होतंत."

"अच्छा! म्हणजे मीच..."

"आणलं होतंत. कपाट मी जोडलं."

अनुभवीकाका आकाशाकडे बघू लागले. शेजाऱ्यांच्या संसारात कुठे बघू नये एवढा अनुभव त्यांना होता.

पहिला स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला आणि मी तो खिशात टाकला. त्या यशाने माझ्या अंगात जे बळ आलं ते दुसऱ्या स्क्रूला मानवलं नाही. तो शेवटच्या आट्यावर उडाला, नळीवर टिचकी मारून गेला आणि इंजिनाच्या खोल अंधारात टिण् टिण् टिण् करत उतरत गेला. तो आवाज थांबल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले.

"खाली पडला का?" सचिवांनी जमिनीवर बघत विचारलं.

खाली पडला नव्हता. आत कुठेतरी अडकला होता. मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि अडकला. काढला तर घड्याळाचा पट्टा तुटून तेही आत. आता आत दोन वस्तू होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून दातांच्या डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत, रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर आहे. रविवारी बंद असतो, पण कोणाची तरी दाढ ठणकत होती म्हणून त्या उघडायला निघाल्या होत्या. गर्दी बघून थांबल्या. त्यांना सगळी हकीकत चौघांनी एकदम सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, दवाखान्यात जाऊन कपाळाला दिवा बांधून आल्या, एका हातात लांब दांडीचा आरसा, दुसऱ्या हातात वाकडा चिमटा.

"आणखी मोठं उघडत नाही का हे?" त्यांनी बॉनेटकडे बघून विचारलं.

"नाही हो. एवढंच."

"असू दे. अक्कलदाढेला याहून कमी जागा असते." त्या वाकल्या. सगळ्यांनी श्वास रोखले. मी स्वतः का कोण जाणे, तोंड उघडून उभा होतो. "दिसतोय," त्या आतून म्हणाल्या, "अगदी मुळापाशी आहे. दुखलं तर सांगा." ही त्यांची सवय असावी. क्षणात चिमटा वर आला आणि चिमट्यात स्क्रू. मग घड्याळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला म्हणाल्या, "आता सावकाश करा हं. घाई नको," आणि आपल्या पेशंटकडे गेल्या.

अखेर सेन्सर बाहेर आला. माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्या पोटातल्या छोट्याशा खिडकीत केसाहून बारीक दोन तारा, आणि त्यांच्यावर राखाडी रंगाची मखमल. एवढ्याशा धुळीपायी आमच्या घरात अबोला शिरला होता, एका शाळेची मुख्याध्यापिका अडली होती. मी निळा डबा उचलला, तारांना हात न लावता लांबून फवारा मारला. राखाडी थेंब गळाले. पुन्हा मारला. तारा चकचकीत झाल्या. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी तो दोन बोटांत धरून, सोनाराने नथ दाखवावी तसा उंच करून सगळ्यांना दाखवला.

"अरे, चहा गार होतोय!" आई वरून ओरडली.

मी वर बघितलं.

डुबुक.

आवाज फार मोठा नव्हता. बादलीतल्या फेसावर एक लहानसं भोक पडलं, आणि तेही हळूहळू बुजलं.

संकट आलं की लोक देव पाण्यात घालून बसतात. मी सेन्सर घालून बसलो होतो. अनुभवीकाकांना त्यांच्या संपूर्ण आयुष्यात असा अनुभव आलेला नसावा, कारण तेही गप्प होते. सचिव हळूच म्हणाले, "बादली केवळ नियमापुरती होती," आणि त्यांचा आवाज इतका पडला होता की मला त्यांचीच दया आली.

मी बायकोकडे बघितलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. ती बादलीकडे बघत होती आणि तिचा चेहरा एकदम थकलेला दिसत होता. "राहू दे," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी संस्थेत फोन करून सांगते, जमणार नाही म्हणून."

मी बाही न सरसावताच बादलीत हात घातला, सेन्सर बाहेर काढला आणि साबणाचं पाणी ठिबकवत धावत सुटलो.

दवाखान्यात खुर्चीवर एक जाडसे गृहस्थ आडवे होते. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे. डॉक्टरीणबाईंच्या हातात ती बारीक नळी होती, जिच्यातून हवा येते.

"हा साबणात पडला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी सेन्सर दिव्याखाली धरला. "तारा शाबूत आहेत. आधी साध्या पाण्याने धुऊ, मग तुमच्या डब्यातल्या औषधाने. हवा मी अगदी लांबून देईन, हलक्या हाताने. मात्र गरम नाही." आणि खुर्चीकडे वळून, "पाच मिनिटं चालेल ना तुम्हाला?"

"आं," गृहस्थ म्हणाले. तोंड उघडं असलेल्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही.

तोवर पूर्ण मंडळी माझ्या मागून दवाखान्याच्या दारात जमली होती. बायकोने निळा डबा आणला. आई चक्क तांदळाचा डबा घेऊन उतरली होती, कारण शेजारणीचा फोन पाण्यात पडला तेव्हा तो म्हणे तांदळात ठेवून वाचला होता. अनुभवीकाकांनी याला दुजोरा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तांदळाची पूड तारांवर बसेल. पण डबा असू द्या इथे, धीर येतो." आईला ते पटलं. ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली.

पाणी, मग फवारा, मग लांबून हवेची एक फुंकर. पुन्हा फवारा. पुन्हा फुंकर. खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वळवून बघितलं आणि एक बोट वर करून "अं अं" केलं.

"काय म्हणताय?" सचिवांनी विचारलं.

गृहस्थांनी बोटाने उलटं करून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सेन्सर उलटा केला, तर वरच्या खाचेतून साबणाचा एक जाड थेंब खाली आला. "आं," ते समाधानाने म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. ते कोण होते, काय करत होते, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांची दाढ चिरकाल सुखात राहो.

दुपारपर्यंत सेन्सर स्वच्छ कागदावर वाळत पडला होता. राखणीला आई बसली. मग मी हात धुऊन, चांदणी घेऊन, एकेक आटा मोजूनमापून तो जागेवर बसवला. बॅटरीची तार लावली. बायको स्वतः गाडीत बसली. "मी सुरू करते," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली, खोकली आणि मेली.

पुन्हा किल्ली. पुन्हा खोकला, पुन्हा मरण. आधी निदान आजारी तरी होती. मी बॉनेटच्या काठावर हात टेकून उभा राहिलो. आपण लोकांच्या अर्जांवर 'हलगर्जीपणा' हा शब्द लिहितो तेव्हा त्या लोकांना नेमकं असंच वाटत असणार, असा एक विचार मनात येऊन गेला. बायको उतरून माझ्याशेजारी उभी राहिली आणि आत बघू लागली.

"अहो," ती म्हणाली, "हे असं लोंबकळतच असतं का?"

सेन्सरच्या डोक्यातला प्लग. तो मी लावलाच नव्हता. सेन्सर बिचारा हवा मोजायला सज्ज होऊन बसला होता, पण त्याचं म्हणणं कोणाला ऐकूच जात नव्हतं. मी प्लग दाबला. टक् असा आवाज आला.

ती पुन्हा बसली. किल्ली फिरवली. काहीच ऐकू येईना. "नाही झाली का सुरू?" असं म्हणून तिने किल्ली परत फिरवली आणि स्टार्टर कर्रकन किंचाळला. गाडी चालूच होती! इतकी शांत, की बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळू नये. मी हात ठेवला. अनुभवीकाकांनीही ठेवला. सचिव जरा दुरून बघत होते, त्यांनीही मग हळूच बोटं टेकवली.

"साफसफाई पूर्ण झाली असल्यास," ते घसा खाकरत म्हणाले, "बादली हलवण्यात यावी." आणि कोणी हलायच्या आत ती त्यांनी स्वतः उचलून नेली.

संध्याकाळी आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गेलो. ती मध्येच थांबली, हातब्रेक ओढला, श्वास घेतला आणि निघाली. गाडी एक बोटभरही मागे न जाता वर चढली. तिने पाच-सहा वेळा तेच केलं. मी एकही सूचना दिली नाही. मला वाटतं, इतक्या आठवड्यांत मी शिकवलेला हा सगळ्यात चांगला धडा असावा.

सोमवारी मी रजा टाकली. परवाना कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने गाडीचे कागद चाळले आणि परत सरकवले. "धुराचं प्रमाणपत्र संपलंय."

"कधी?"

"शनिवारी."

शनिवारी मी लाल डबा बदलत होतो. "अहो, दोनच दिवस..."

"दोन दिवस काय, दोन मिनिटं झाली तरी संपलेलं ते संपलेलंच," तो म्हणाला. "अकरापर्यंत आणलंत तर आजची चाचणी. नाहीतर पुढची तारीख." पुढची तारीख म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

फाटकाबाहेर धूर तपासणाऱ्याची व्हॅन उभी होती आणि तिच्यापुढे गाड्यांची रांग. बायको स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली, मी रांगेच्या पुढे-मागे फेऱ्या मारत राहिलो. आमची पाळी आली तेव्हा त्या माणसाने धुराच्या नळीत आपली नळी घातली, यंत्राकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, नळी काढून पुन्हा घातली. माझा जीव टांगणीला.

"काय झालं?"

"नाही, गाडी चालू आहे ना?"

"चालू आहे!"

"मग ठीक. या वयाच्या गाडीचा एवढा स्वच्छ धूर सहसा येत नाही, म्हणून पुन्हा बघितलं." त्याने शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला बासरीपेक्षा गोड लागला.

चाचणीच्या मैदानाला तारेचं कुंपण आहे. कुंपणाबाहेर नवरे, वडील, मोठे भाऊ अशी शिकवणाऱ्यांची रांग उभी असते. सगळ्यांचे उजवे पाय जमिनीवर नकळत ब्रेक दाबत असतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांची सून चाचणी देत होती. "तुमचं कोण?" त्यांनी विचारलं.

"बायको."

"शिकवलंत तुम्ही?"

"मी..." मी जरा थांबलो. "मी गाडी साफ केली."

तिने आठ काढला. मागे घेतली. मग चढ. अर्ध्यावर परीक्षकाने हात वर केला, ती थांबली. मागच्या वेळी ती इथेच उतरली होती. मी तार इतकी घट्ट धरली की तळहातावर जाळी उमटली. गाडी हलली. खोकली नाही, थबकली नाही, मागे आली नाही. सरळ वर गेली आणि माथ्यावरून दिसेनाशी झाली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझी पाठ थोपटली.

गाडी वळसा घालून परत आली, परीक्षकाने कागदावर काहीतरी खरडलं आणि तिला दिलं. ती कुंपणापर्यंत चालत आली. चालताना हसू दाबत होती, पण तिला ते जमत नव्हतं.

"चला, बसा," ती म्हणाली. मी सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला वळलो. "तिकडे नाही."

मी बाजूच्या सीटवर बसलो, पट्टा लावला. शनिवारपासून माझ्या अंगातली एकेक शीर ताणलेली होती. त्या सगळ्या एकदम सैल पडल्या. बाहेर ऊन होतं, गाडी गुपचूप चालली होती. तिने काहीतरी विचारलं, मी "हूं" म्हटलं असावं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी एका झाडाखाली उभी होती. समोर बैठी, लांबलचक इमारत, कौलांवर धूळ, बंद वर्गांची हिरवी दारं आणि मैदानाच्या कडेला पाण्याचे नळ. बायको व्हरांड्यात उभी राहून डोळ्यांशी हातांची ओंजळ करून एका खिडकीतून आत बघत होती. ही तिची शाळा. घरी न जाता ती थेट इथे आली होती.

मी दार उघडून उतरलो. अंग आंबलं होतं, शर्टाला पट्ट्याची घडी पडली होती.

"पोचलो?" मी विचारलं.

"केव्हाच," ती वळून म्हणाली. "रस्त्यात चांगले मोठे मोठे चढ होते. तुम्हाला एकही कळला नाही."